थायलंडचे परवाने आणि व्यापाराचा दबाव

नमस्कार. पेटंट असलेले औषध एखाद्या देशाला परवडत नसेल, तर त्याने काय करावे, याची तरतूद जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या करारातच आहे. सरकार सक्तीचा परवाना काढून, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय, तेच औषध दुसऱ्या उत्पादकाकडून घेऊ शकते. मूळ कंपनीला मोबदला मात्र द्यावा लागतो. सरकारी रुग्णसेवेसाठी, नफ्याचा हेतू न ठेवता औषध वापरायचे असेल, तर कंपनीशी आधी वाटाघाटी करण्याचीही अट नाही. तरीही असे परवाने क्वचितच निघतात. त्याचे कारण थायलंडच्या अनुभवात सापडते.

थायलंडने २००२ साली सर्वांसाठी आरोग्य योजना सुरू केली आणि पुढे एचआयव्हीवरील उपचारही तिच्यात आणले, त्यामुळे या औषधांचा खर्च सरकारी तिजोरीवर आला. नोव्हेंबर २००६ मध्ये सरकारने एफाविरेन्झ या एचआयव्हीवरील औषधासाठी परवाना काढला आणि त्याचे जेनेरिक रूप भारतातून मागवले. जानेवारी २००७ मध्ये एचआयव्हीचेच कलेट्रा आणि हृदयरोगावरील प्लाविक्स यांचीही भर पडली.

कलेट्रा बनवणाऱ्या अ‍ॅबटने मार्चमध्ये आपल्या सात नव्या औषधांच्या नोंदणीचे अर्ज थायलंडमधून मागे घेतले. त्यांत कलेट्राची फ्रिजशिवाय टिकणारी गोळीही होती, आणि उष्ण हवेच्या देशात तिचे मोल किती, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. वाद कंपनी आणि सरकार यांच्यातला होता, पण शिक्षा रुग्णांना झाली, असेच मला म्हणावे लागते.

एप्रिलअखेर अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने थायलंडला बौद्धिक संपदेच्या संरक्षणात कमी पडणाऱ्या देशांच्या विशेष निगराणीच्या यादीत टाकले. विशेष म्हणजे, नियमांनुसार असे परवाने देता येतात हे त्याच अहवालात मान्य केले होते. परवाने देताना पारदर्शकता पाळली नाही, हा आक्षेप होता. या यादीत नाव आल्याने लगेच दंड होत नाही, पण निर्यातीवरील सवलतींची चिंता लागते, आणि मग आरोग्य मंत्रालयाच्या निर्णयाला व्यापाराच्या हिशेबात उत्तर द्यावे लागते. इतर देशांची सरकारेही हे पाहत असतात.

थायलंड मात्र मागे हटला नाही. एप्रिलमध्येच अ‍ॅबटने चाळीसहून अधिक देशांसाठी कलेट्राची किंमत एका रुग्णामागे वर्षाला १,००० डॉलरवर आणली होती. आधी ती सुमारे २,२०० डॉलर होती. जानेवारी २००८ मध्ये थायलंडने कर्करोगाच्या औषधांसाठीही परवाने काढले. त्यांपैकी इमॅटिनिबचा परवाना वापरावाच लागला नाही, कारण ते बनवणाऱ्या नोव्हार्टिसने योजनेतील रुग्णांना ते मोफत देण्याचे मान्य केले.