लेन्स राहू दे, आधी पाट मांडा

सुतारपक्ष्याचा फोटो कसा काढायचा ते सांगतो, पण कॅमेऱ्याची सेटिंग्ज शेवटी, आधी सांगितली तर निम्मी मंडळी चहाकडे पळतील, ओळखतो मी तुम्हाला. इथे नॉर्थ कॅरोलिनात पिलिएटेड वुडपेकर बघितला नसला तरी प्रत्येकाने ऐकलाय, कावळ्याएवढा सुतारपक्षी, लालभडक तुरा, आणि मुंग्यांसाठी झाडाला भोक पाडतो तेही चक्क चौकोनी. आपल्या सह्याद्रीतला पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतार याचा चुलतभाऊच, त्यामुळे "आपल्याकडे असलं काही नाही" हे चालणार नाही.

तर, याला बॅकयार्डात बोलवायचं तर लोक सूएट लावतात. सूएट म्हणजे गाईबैलाची चरबी, शेंगदाणे घालून वड्या पाडून विकतात. मी चार आणल्या, उन्हात वितळतात म्हणून फ्रीजरमध्ये टाकल्या, आणि त्याच आठवड्यात सांगलीहून आई आली. हसू नका, अजून काहीच झालेलं नाही. तिसऱ्या दिवशी किचनमधून आवाज, अरे ही चिक्की इतकी पांढरी कशी, गूळ मिळत नाही का तुमच्याकडे? मी धावलो. तुकडा हातात होता, तोंडात गेला नव्हता, बायकोचं म्हणणं वेगळं आहे. वर लेबल मीच मोठ्याने वाचून दाखवलं, शहाणपणा! मग अख्खा फ्रीज रिकामा, गरम पाणी, लिंबू, आणि पोरांसमोर "तुझे आजोबा वारीला जायचे".

पण चार दिवसांनी तीच म्हणाली, त्याला शेंगदाणे चालतात ना, मग चरबी कशाला? बिनमिठाचं पीनट बटर आणि मक्याचं पीठ, भाकरीसारखं मळलं, वड्या थापून जाळीत भरल्या. पक्षी आला, पण लटकती जाळी, नुसते झोके घेतोय. सुतार शेपटी टेकून बसतो ना, पिसं ताठ असतात, तिसरा पायच म्हणा. आई म्हणाली, पाहुण्याला पाट नको का? जाळीखाली हातभर खडबडीत फळी ठोकली आणि साहेब दहा-दहा मिनिटं हलेनात. हाच माझा मुद्दा, एवढा वेळ बसला तर तीनशे मिलिमीटरची साधी लेन्सही पुरते, पाच लाख रुपयांची नको.

चिठ्ठी आली, दोन मिनिटं. पटपट. पक्षी काळा, गालावर पांढरा पट्टा, काळ्याने फ्रेम भरली की कॅमेरा फोटो उजळवतो आणि पांढरं जळतं, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, थोडं मायनस. शटर स्पीड, पक्षी नुसता बसलेला असताना १/१००० सेकंद, ठोकताना १/२००० किंवा त्याहून वेगवान. ठोकताना डोळ्यावर पडदा येतो, म्हणून मधल्या थांब्यात क्लिक करा. नराच्या चोचीमागे लाल पट्टी, मादीची काळी. आणि डोक्यात स्पंज असतो ते व्हॉट्सॲपचं ज्ञान सोडा, २०२२ साली बेल्जियममधल्या अँटवर्पच्या संशोधकांनी हायस्पीड व्हिडिओतून दाखवलं की कवटी धक्के शोषत नाही, कडक हातोड्यासारखी चालते.

मायनस कुठे करायचं ते चहाच्या वेळी दाखवतो. कॅमेरे आणलेत ना? एकानेही नाही?