‘रद्द करा’ कुठे आहे?

(दृश्य: मोबाइलचा स्क्रीन. अंगठा ‘खातं’, ‘सेटिंग्ज’, परत ‘खातं’ असा फिरतोय.)

व्हिडिओ ॲपचं सबस्क्रिप्शन घ्यायला अर्धा मिनिटही लागत नाही. बटण मोठं, रंगीत, अगदी अंगठ्याखाली. तेच बंद करायला निघा. बटण असतं, पण फिक्या करड्या अक्षरांत, पानाच्या तळाशी. ते दाबलं की ‘खरंच जाताय?’ मग सवलत. मग ‘महिनाभर थांबवून ठेवा’. मग सोडण्याचं कारण सांगा.

हे डिझायनरच्या नजरचुकीने होत नाही.

(दृश्य: दाव्याची कागदपत्रं)

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, ॲमेझॉनवर दावा ठोकला. प्राइम व्हिडिओ ज्यात मिळतो ती प्राइम मेंबरशिप सोडायची तर चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय पार करावे लागत, असा कमिशनचा आरोप. कंपनीत या वाटेला नावही होतं: ‘इलियड’. ट्रॉयच्या युद्धाचं ते लांबलचक महाकाव्य! नाव ठेवणाऱ्याला आपण काय बांधतोय ते पक्कं ठाऊक असावं.

दावा दाखल होण्याच्या थोडं आधी ही वाट बदलली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये, आरोप मान्य न करता, अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली. तिच्या अटी म्हणजे जणू डिझायनरला दिलेलं कामच. नकाराचं बटण स्पष्ट हवं. ‘नको, मला मोफत डिलिव्हरी नको’ असं ग्राहकाच्याच तोंडून वदवून घ्यायचं नाही. आणि ज्या मार्गाने मेंबरशिप घेतली, त्याच मार्गाने ती सहज सोडता आली पाहिजे.

(दृश्य: फोनवर बँकेचा मेसेज येतो.)

आपल्याकडे केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी १३ ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या डिझाइनच्या युक्त्या, ठरवले. ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ त्यातलाच एक. पण मला जास्त उपयोगाचा वाटतो तो रिझर्व्ह बँकेचा नियम. दर वेळी आपोआप पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं: कोण घेतंय, किती, कधी. आणि नको असेल तर थांबवायची सोय द्यायची.

ॲपच्या ‘मेंबरशिप’ पानावर याहून वेगळं काय लागतं? प्लॅन, रक्कम, पुढची तारीख आणि त्याच ओळीत ‘रद्द करा’. तेवढं होईपर्यंत एक ध्यानात ठेवा: फोनवरून ॲप उडवलं तरी सबस्क्रिप्शन चालूच राहतं. आधी ते रद्द करा, मग यूपीआयच्या ‘ऑटोपे’ यादीत एकदा डोकावून या.