आधी बिल उलटून बघा, मग बॅटरीचं बोला

मंडळी, जळगाव असो, भुसावळ असो की धुळे, मला कारखाना-चेंबरवाल्यांचा पहिला प्रश्न हाच येतो की भाऊ, सोलर किती किलोवॅटचं टाकू, बॅटरी घेऊ का, आणि मी म्हणतो आधी वर्षभराची बिलं काढा. आपण फक्त शेवटचा आकडा बघतो आणि भरून टाकतो, पण कोणत्या वेळेला किती युनिट जळले ते त्याच बिलात छापलेलं असतं, खरी गंमत तिथे आहे.

केंद्राने 2023 मध्ये नियम बदलला. 10 किलोवॅटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकाला सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज किमान 20 टक्के स्वस्त आणि पीक अवरला, म्हणजे विजेला सगळ्यात जास्त मागणी असते त्या वेळेला, किमान 20 टक्के महाग. आपल्याकडे सकाळी 9 ते संध्याकाळी 5 हे स्वस्त तास. म्हणजे तुमचं पॅनल नेमकं तेव्हाच वीज बनवतं जेव्हा लाईनची वीजही स्वस्त असते, आणि पाच वाजले, ऊन उतरलं की लाईन महाग होते. आता संध्याकाळचं युनिट वाचवण्यात जास्त फायदा आहे. बॅटरीचा विषय इथून सुरू होतो, त्याआधी नाही.

डाळ मिल घ्या. सकाळी चालू, संध्याकाळी बंद. त्यांनी पत्र्यावर पॅनल टाकावेत आणि बॅटरीच्या मागे लागू नये, हे मी स्पष्ट सांगतो. 100 किलोवॅटला साधारण दहा हजार चौरस फूट जागा लागते, दिवसाला सरासरी 400 युनिट मिळतात, ते तिथल्या तिथे मशीनच खाऊन टाकते. पॅनलवरचा GST पण सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय.

पण रावेर, सावदा भागातल्या केळीच्या रायपनिंग चेंबरचं, म्हणजे केळी पिकवायच्या थंड खोल्यांचं, गणितच वेगळं. माल पिकायला लागला की केळी स्वतः गरमी सोडते, चेंबर 16 ते 18 डिग्रीला धरून ठेवायचं तर कॉम्प्रेसर रात्रभर चालू राहणार. काही जण म्हणतात दिवसाच जास्त थंड करून ठेवू, पण 13 डिग्रीच्या खाली गेलं की साल काळपट पडते आणि व्यापारी तो माल उचलत नाही, त्यामुळे थंडी साठवता येत नाही, वीजच साठवावी लागते.

आता हिशोब करू. 100 युनिटची बॅटरी घेतली तर वापरायला धरा 90. दिवसाची आणि संध्याकाळची वीज यात समजा 5 रुपयांचा फरक पडला तर रोजचे 450 रुपये, एवढ्यावर बॅटरी वसूल व्हायला बरीच वर्षं जातील. पण लाईन गेल्यावर तुम्ही जनरेटर लावता ना? एक लिटर डिझेलला तीन-साडेतीन युनिट निघतात, म्हणजे युनिट पंचवीस-तीस रुपयाला पडतं. तेच 90 युनिट डिझेलऐवजी बॅटरीतून गेले तर त्या दिवशी दोन हजारांच्या वरचं डिझेल वाचलं. म्हणून मी विचारतो, महिन्याला जनरेटर किती तास चालतो, त्याची वही आहे का?

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना सोलर बसवल्यावर कळते. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे लाईनच्या आधारावर चालणारा इन्व्हर्टर लाईन गेली की स्वतः बंद पडतो, भर दुपारी बारा वाजता सुद्धा! लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते बरोबरच आहे. लाईन नसताना सोलर हवं असेल तर हायब्रिड (लाईन नसतानाही बॅटरीवर चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी, किंवा जनरेटरशी जुळवून घेणारा कंट्रोलर, हे आधीच ऑर्डरमध्ये लिहून घ्या.

मोठ्या HT वाल्यांना, म्हणजे उच्च दाबाची वीज घेणाऱ्यांना, डिमांड चार्ज वेगळा लागतो, तो सगळ्यात जास्त चढलेल्या लोडवर असतो. सगळ्या मोटरी एकदम चालल्या, अर्धा तास लोड वर गेला की महिन्याचा आकडा त्यावर ठरतो. तो चढ बॅटरी कापू शकते, पण आधी मोटरी टप्प्याटप्प्याने चालवून बघा ना, त्याला एक रुपया लागत नाही.

आता आपल्या उन्हाचं. पॅनलचा वॅट 25 डिग्रीला मोजलेला असतो, मे महिन्यात पत्र्यावर तेच पॅनल 65 ला जातं आणि दर डिग्रीला साधारण 0.35 टक्के कमी, म्हणजे 14 टक्के तिथेच गेले, म्हणून पत्रा आणि पॅनल यांच्यात हवा खेळायला फट सोडा. बॅटरीला तर गरमी अजून वाईट. लिथियम फॉस्फेट बॅटरी हजारो सायकल (भरणं-रिकामं होणं) चालते, पण 45 डिग्रीत पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली तर ते आयुष्य मिळणार नाही. उत्तरेच्या भिंतीला, पक्क्या छताखाली, एक्झॉस्ट फॅन लावून खोली करा, आणि विकणाऱ्याला विचारा वॉरंटी किती डिग्रीपर्यंत धरली आहे, ते कागदावर घ्या, फोनवरचं चालणार नाही.

चला, ज्यांनी बिलं आणलीत त्यांनी पुढे या, एकेक उघडून बघू.