आधी विचारलं, मग बांधलं

[पहाट. जंगलातला रस्ता. मोहाखाली पडलेली फुलं वेचणाऱ्या बाया.]

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की चातगावजवळ ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेचं हे शोधग्राम लागतं. पाटी वाचली नाही तर एखादं गोंडांचं गावच वाटावं.

[देऊळ. कडेवर पोर घेतलेली बाई पायरीवर टेकते.]

दवाखान्याच्या तोंडाशी दंतेश्वरी देवीचं देऊळ आहे. माणसं आधी इथे हात जोडतात, मग डॉक्टरकडे जातात. या देवळामागे एक प्रश्न आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तो इथल्या आदिवासींना विचारला होता: एवढं दुखणं अंगावर काढता, पण दवाखान्यात का येत नाही?

उत्तरं ऐका. इमारत केवढी मोठी असते, आत गेलं की जीव दडपतो. डॉक्टर आणि नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि आमच्याकडे पांढऱ्या कापडात गुंडाळतात ते मेलेल्या माणसाला. घरचं माणूस आजारी असताना आम्हाला बाहेर काढतात, मग त्याच्याजवळ बसायचं कुणी? आणि तिथे देव कुठे असतो?

[कुट्यांची रांग. चुलीवर भांडं. खाटेवर रुग्ण, शेजारी म्हातारी आई.]

म्हणून दवाखाना गावासारखा बांधला. एक मोठी इमारत उभी करण्याऐवजी कुट्या बांधल्या. रुग्णासोबत त्याच्या माणसांना राहता यावं, अशी जागा ठेवली. नाव दिलं माँ दंतेश्वरी दवाखाना. या चुलीकडे नीट पाहा. वास्तुकलेच्या कुठल्याही पुस्तकात रुग्णालयाच्या आराखड्यात चूल सापडणार नाही. ती इथे आली, कारण कुणीतरी विचारलं आणि मिळालेलं उत्तर गंभीरपणे घेतलं.

[जुनी छायाचित्रं.]

हे शहाणपण पहिल्या दिवसापासून नव्हतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन दोघे परतले आणि १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. सुरुवातीच्या संशोधनांपैकी एक होतं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर. रक्त तपासलं, आजार सापडला, बातम्या झाल्या. पण गावांतून काहीच हालचाल होईना. चौकशी केल्यावर कळलं की लोकांच्या लेखी तो त्यांचा प्रश्नच नव्हता. तो डॉक्टरांना पडलेला प्रश्न होता. अभय बंग ही गोष्ट स्वतः जाहीरपणे सांगत आले आहेत. मला तिचं मोल फार वाटतं. आपला अभ्यास लोकांनी मागितलेला नव्हता, हे कबूल करणाऱ्या संस्था मी फार थोड्या पाहिल्या आहेत.

[बैठक. जमिनीवर बसलेली माणसं. मागच्या भिंतीला टेकलेल्या बाया.]

लोकांना विचारायचं हे ऐकायला सोपं वाटतं. पण गावात बैठक बोलावली की पुढे बसलेले बोलतात. सभेत बाया तोंड उघडत नाहीत. पाहुण्याला काय ऐकायला आवडेल, हे गावाला बरोबर कळतं आणि तेवढंच उत्तर मिळतं. म्हणून बैठक चालवणाऱ्याने आधी खुर्ची सोडावी लागते, मग आपली भाषा. प्रश्न टाकल्यावर गप्प बसावं लागतं, ती शांतता कितीही लांबली तरी. हे कसबाचं काम आहे. संस्थांच्या अंदाजपत्रकात त्यासाठी रकाना असायला हवा, असं मी आग्रहाने म्हणेन.

[दाईचे हात. मण्यांचं उपकरण. वाळूचं घड्याळ.]

आता हे पाहा.

इथली लहान मुलं न्यूमोनियाने मरत होती. ‘न्यूमोनिया’ हा शब्द गावात कुणाच्या तोंडी नव्हता, पण आजार आयांना ओळखीचा होता. कुणी त्याला ‘डबा’ म्हणायचं. पोराला धाप लागली की कुणी ‘लहाक’ म्हणायचं. संशोधकांनी हे शब्द उचलले आणि त्याच शब्दांत गावाशी बोलणं सुरू केलं.

बाळ मिनिटाला किती श्वास घेतं, यावरून न्यूमोनिया ओळखता येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त झाले, की धोका. ही मोजणी गावातल्या दाईने करायची होती. ती शाळेत गेलेली नव्हती. तिला दहा-बारापर्यंतच मोजता यायचं.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, आधी दाईला शिकवा. इथे उपकरणच दाईच्या मापाचं केलं. तारेत ओवलेले मणी, शेवटचा लाल, आणि शेजारी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. घड्याळ उलटं करायचं. दहा श्वास मोजायचे, एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा, पुन्हा एक मणी. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर हा डबा. औषध सुरू करायचं.

[लाल मणी सरकतो. जवळून. शांतता.]

दाईला जेवढं येत होतं, तेवढ्यावरच हे उपकरण उभं आहे.

[आरोग्यदूत घराच्या उंबऱ्यावर. झोळीवजा पिशवीत गुंडाळलेलं बाळ. वजनकाटा.]

पुढे नवजात बाळांसाठी गावातल्याच बाया आरोग्यदूत झाल्या. बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, त्याला उबेत ठेवायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची, गरज पडली तर इंजेक्शन द्यायचं. न्यूमोनियाचे मृत्यू ५४ टक्क्यांनी आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे १९९० आणि १९९९ साली छापलं, आणि आज देशभरातल्या आशाताई नवजात बाळांसाठी घरी जातात.

[विहिरीवर बाया. हंडे.]

बायांच्या दुखण्यांचं काम तर त्याच्याही आधीचं. दोन गावं, ६५० बाया. त्यांतल्या ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं, १९८९ साली. तोवर या बायांना कुणी विचारलंच नव्हतं.

[जत्रा. ढोल. रंगीत लुगडी. मंडपात बसलेले गावोगावचे प्रतिनिधी.]

दंतेश्वरीच्या जत्रेला गावोगावची माणसं शोधग्रामात येतात. नाच होतो, जेवण होतं, आणि आरोग्याची संसदही भरते. आमच्या गावाला सगळ्यात जास्त काय छळतं, यावर इथे चर्चा होते. लोकांनी मलेरिया सांगितला, तेव्हा औषध लावलेल्या मच्छरदाण्यांचं काम सुरू झालं. पुढे कंबरदुखीची मागणी आली. रोपणी, मोळ्या, हंडे यांत पाठ मोडते, हे तोवर कुठल्याही आरोग्य कार्यक्रमात नव्हतं. त्याचाही अभ्यास झाला, आणि मणक्याच्या शस्त्रक्रियांसाठी मुंबईचे सर्जन इथे येऊ लागले.

[मंडप. मागच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहते. माइक तिच्याकडे जातो. तिचा आवाज तसाच ठेवावा, निवेदन थांबवावं.]