कर्सर कुणाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यातली अनंत चतुर्दशीची रात्र डोळ्यांसमोर आणा. एक बातमीदार बेलबाग चौकात, दुसरा लक्ष्मी रस्त्यावर, तिसरी अलका चौकात आणि मी डेस्कवर. पूर्वी ही मंडळी फोनवर मजकूर सांगायची. पलीकडे ढोल, इकडे एका कानात बोट घालून उतरवून घेणारा उपसंपादक. ‘गुरुजी तालीम’ या गणपती मंडळाचं ‘गुरुजी, चालेल’ झालेलं मी पाहिलंय! आता चौघेही एकाच गूगल डॉकमध्ये असतो. मानाचा पहिला कसबा गणपती अलका चौकात आल्याची वेळ तिकडून टाइप होते, तोवर मी मथळा बदललेला असतो. चार रंगांचे कर्सर एकाच पानावर धावत असतात. बघायला मजा येते.

पण एका पावसाळ्यात याच मजेनं आम्हाला गोत्यात आणलं. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडणं चालू होतं. बातमीत होतं, ‘विसर्ग वाढण्याची शक्यता’. छापून आलं, ‘विसर्ग वाढला’. सकाळी नदीकाठच्या वाचकांचे फोन सुरू झाले. डॉकमध्ये सहा जण होतो आणि सहाही जण म्हणाले, ‘मी नाही’. कागदावरच्या कॉपीत अक्षरावरून माणूस कळायचा. इथे सगळ्यांचं अक्षर एकच. शेवटी डॉकचा इतिहास उघडला. रात्री 11 वाजून 52 मिनिटं, आणि नाव माझंच. मथळा दोन कॉलमांत बसवताना मी ‘शक्यता’ उडवली होती, आणि ते मला आठवतही नव्हतं.

आता 2016 मधले पनामा पेपर्स, म्हणजे श्रीमंतांच्या परदेशी कंपन्यांची फुटलेली गुप्त कागदपत्रं, पाहा. सुमारे 80 देशांतले 370 हून अधिक पत्रकार, 1 कोटी 15 लाख कागदपत्रं. सगळे वर्षभर एकत्र काम करत होते आणि बातमी फुटली नाही. त्यांच्या कामाच्या जागेत नुसत्या पासवर्डवर प्रवेश नव्हता. आमची लिंक मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेली, ‘लिंक असलेल्या कुणालाही’ खुली, आणि समासातल्या टिपणीत माहिती देणाऱ्याचं नाव! तो बिचारा कुणाच्या भरवशावर बोलला होता?

हल्ली आम्ही पान सोडण्याआधी दहा मिनिटं डॉक बंद करतो. लिहिण्याची मुभा एकालाच, बाकीच्यांनी फक्त वाचायचं. डेस्कवरची पोरं त्याला ‘जमावबंदी’ म्हणतात. परवा रात्री ती माझ्यावरच लागू झाली.