नोंद फुकट, खात्री विकत

(दृश्य: पडद्यावर सरकत जाणाऱ्या विक्रीच्या नोंदी. पत्ता, तारीख, रक्कम.)

निवेदन:
इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९५ पासून झालेल्या घरविक्रीच्या किमती तिथल्या लँड रजिस्ट्रीने, म्हणजे मालमत्तेच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. फाइल उतरवून घ्यायला एक पैसा पडत नाही. तरीही याच नोंदींवर उभ्या राहिलेल्या सेवा पैसे घेतात आणि ग्राहक ते देतात. मालमत्तेच्या माहितीचा स्टार्टअप काढणाऱ्याने दरपत्रक लिहायला बसण्याआधी यावर विचार करावा. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते नेमके कशाचे?

(दृश्य: एका प्रातिनिधिक नोंदीवर कॅमेरा थांबतो.)

ही एक नोंद बघा. मोठं घर, मोक्याची जागा आणि विक्रीची रक्कम अगदी नाममात्र. घर स्वस्तात गेलेलं नाही, आईने ते मुलीच्या नावावर केलंय. ही ओळ न गाळता सरासरी काढली, तर अख्ख्या गल्लीचा भाव पडलेला दिसेल. आता पुढची नोंद. विक्रीच्या दप्तरात 'फ्लॅट ४, दुसरा मजला', करखात्यात तेच घर '२/४', आणि जाहिरातीत इमारतीचं नुसतं नाव. तिन्ही ठिकाणी घर एकच आहे हे जुळवायचं, तेही रोज येणाऱ्या हजारो ओळींसाठी. फार किचकट काम आहे हे, पण विकण्याजोगं तेच आहे. कच्च्या नोंदी उद्या दुसराही गोळा करेल. १९९१ साली टेलिफोन डिरेक्टरीच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं, की गोळा करायला कितीही घाम गाळला असला तरी निव्वळ तथ्यांवर कॉपीराइट मिळत नाही.

(दृश्य: घराच्या फोटोखाली अंदाजे किमतीचा आकडा.)

झिलो ही घरांची माहिती देणारी अमेरिकेतली वेबसाइट २००६ मध्ये सुरू झाली. घराच्या किमतीचा अंदाज बघणाऱ्याला फुकट, कमाई एजंटांच्या जाहिरातींतून. आपल्या घराचं काय येईल, या उत्सुकतेने बघणारा माणूस थोडं इकडेतिकडे चालवून घेतो. पुढे झिलो स्वतःच घरं विकत घेऊन विकू लागली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो व्यवसाय गुंडाळावा लागला. किमतींचा अंदाज बांधणं वाटलं होतं त्यापेक्षा फारच बेभरवशाचं निघालं, असं कारण कंपनीनेच दिलं. बघण्यापुरता चालणारा अंदाज खरेदीला पुरला नाही.

म्हणून आमच्या मते दर ओळींच्या संख्येवर लावू नये. त्या माहितीवर कोण कोणता निर्णय घेणार आहे, त्यावर लावावा. तारण तपासणारी बँक आणि भाडं ठरवणारा घरमालक, दोघांना नोंद तीच लागते. पण ती चुकली तर बसणारा फटका सारखा नसतो. बँकेला वेगळा दर सांगताना संकोचायचं कारण नाही, फक्त त्या दरात पडताळणी आणि ताजेपणाची हमीही असायला हवी.

(दृश्य: दरपत्रकाचा मसुदा, पेनाने केलेल्या खुणा.)

दर चौकशीमागे पैसे घेणं सुरुवातीला सोपं वाटतं. पण २०२२ मध्ये अमेरिकेत व्याजदर चढले आणि घरांचे व्यवहार आटले. अशा वेळी चौकश्याही आटतात, सर्व्हरचा आणि पगारांचा खर्च मात्र चालूच राहतो. वार्षिक वर्गणी, तिच्यात ठरावीक चौकश्या आणि वर लागल्या तर जादा आकार, ही रचना अशा काळात जास्त टिकते.

चाचणीसाठी सगळी माहिती पंधरा दिवस खुली करू नका, तेवढ्यात ती उतरवून घेता येते. त्यापेक्षा एकच भाग पूर्ण उघडा. तो भाग ग्राहकाच्या ओळखीचा असावा, म्हणजे त्याला स्वतःच पारखता येईल. पहिल्या ग्राहकांना सवलत द्यायची तर मूळ दर आणि सवलतीची मुदत बिलावर छापा, नाहीतर सवलतीचा आकडाच कायमचा दर होऊन बसतो. आणि करारात दोन कलमं हवीतच: माहिती पुढे विकता येणार नाही, आणि चूक कळवल्यावर ती किती दिवसांत दुरुस्त होईल.