बारदान वजा केलं का?

नमस्कार श्रोतेहो. अमली पदार्थांचा धंदा करणाऱ्यांना फाशी द्या, ही मागणी हल्ली आपल्या सोलापुरात चहाच्या गाड्यावरही ऐकू येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिंचोळी औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोनचा, म्हणजे पोरं ज्याला एमडी म्हणतात त्याचा, कारखाना पोलिसांच्या छाप्यात सापडला. मुंबई-पुण्याचं वाटणारं हे विष आपल्या मोहोळच्या वाटेवर तयार होत होतं, हे कळल्यावर लोकांचा संताप होणं साहजिक होतं. माझाही झाला. तरीही आज मी फाशीच्या विरोधात बोलणार आहे, आणि का ते एका पंचाच्या, म्हणजे पोलिसांच्या झडतीला हजर असलेल्या साक्षीदाराच्या, गोष्टीतून सांगणार आहे.

आधी कायदा थोडक्यात. आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा, कायदा आहे १९८५ चा. १९८९ च्या दुरुस्तीनं त्यात कलम ३१-अ आलं. पूर्वी शिक्षा झालेला माणूस पुन्हा सापडला, आणि हेरॉईन एक किलो किंवा चरस वीस किलो वा त्याहून जास्त असलं, की फाशीच; न्यायाधीशांना दुसरा पर्यायच नव्हता. २००८ साली मुंबईच्या विशेष न्यायालयानं चरसच्या एका खटल्यात अशी फाशी सुनावलीही. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की ही सक्ती घटनेत बसत नाही, न्यायाधीशांना पर्याय हवा. २०१४ मध्ये संसदेनंही कायद्यात तो बदल केला. म्हणजे फाशी कायद्यात आजही आहे. पुन्हा सांगतो, फाशी कायद्यात आजही आहे. पण या कायद्याखाली आपल्या देशात आजवर एकालाही फासावर चढवलेलं नाही.

आता ती गोष्ट. काही वर्षांपूर्वीची आहे. मी तेव्हा जिल्हा न्यायालयात सरकारी वकिलांना मदत करत होतो. हैदराबाद रोडला एका जीपमध्ये गांजाचं पोतं सापडलं होतं. माल आंध्र-ओडिशाच्या सीमेकडून आलेला. झडतीला दोन पंच लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पोलिसांनी मार्केट यार्डाजवळच्या हॉटेलातून दोघांना उठवलं. त्यातले एक यार्डातले तोलार होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. उभं आयुष्य कांद्याच्या काट्यापाशी गेलेलं.

खटला उभा राहायला वर्षं गेली. साक्षीच्या दिवशी मामा सकाळपासून कोर्टाच्या व्हरांड्यात उभे. (आपल्या कोर्टांत साक्षीदाराला बसायला धड बाक नसतो, प्यायला पाणी नसतं. आरोपीला निदान पोलीस पाणी आणून देतात. साक्षीदार हा सरकारचा पाहुणा आहे, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. कुणी ऐकत नाही, तरी आज पुन्हा सांगतो.) तर तिथं उभ्या-उभ्या मामा मला म्हणाले, "वकीलसाहेब, ह्यांना भर चौकात लटकवा. माझ्या बहिणीच्या पोरानं गांजापासून सुरुवात केली. शेवटी आईच्या गळ्यातलं डोरलं विकलं."

मी मनात म्हटलं, साक्षीदार पक्का आहे.

मामा पिंजऱ्यात उभे राहिले. मुद्देमाल आणला. पोत्याच्या तोंडाला लाखेचं सील, एका कोपऱ्यात तडकलेलं. त्याखाली दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर मामांची सही, ओलाव्यानं शाई पसरलेली. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "माझीच हाय." सगळं सुरळीत चाललं होतं.

बचावाचे वकील उठले. "वजन तुमच्यासमोर झालं?"

"झालं की."

"किती भरलं?"

"वीस किलो सहाशे."

"काटा कुठला?"

"शेजारच्या किराणा दुकानातला."

"काटा बरोबर होता?"

"काटा बरोबर होता."

वकिलांना यातून काही मिळालं नाही. ते खाली बसायला लागले. तेवढ्यात मामा आपण होऊन न्यायाधीशांना म्हणाले, "पण साहेब, बारदान वजा केलं नव्हतं."

न्यायाधीशांनी विचारलं, "म्हणजे काय?"

"पोत्यासकट तोललं, साहेब. तागाचं पोतं. कोरडं असलं तरी पाऊण किलो धरतोय आम्ही. त्या दिवशी पाऊस होता, पोतं भिजल्यालं. किलोच्या वरच असंल."

श्रोतेहो, यार्डात ज्यांनी कांदा घातलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. पण कोर्टात या एका वाक्यानं काय झालं ते ऐका. गांजा वीस किलोच्या वर गेला तर कायद्यात ते व्यापारी प्रमाण. शिक्षा किमान दहा वर्षं, वीसपर्यंत. वीसच्या खाली आला तर दहा वर्षांपर्यंत, आणि किमान काहीच नाही. वीस किलो सहाशेतून पाऊण किलो गेलं की राहिलं वीसच्या आत. आरोपी सुटला नाही, त्याला शिक्षा झाली, पण दहा वर्षांच्या आतली.

बाहेर पायऱ्यांवर मी मामांना गाठलं. जरा चिडूनच विचारलं, "मामा, सकाळी तर भर चौकात लटकवा म्हणत होता. कुणी विचारलंही नव्हतं, मग बारदानाचं बोलायची काय गरज होती?"

मामा म्हणाले, "काट्यावर खोटं बोललो तर उद्या शेतकऱ्यानं माझ्या काट्यावर माल कशाला टाकायचा?" मग थोडं थांबून त्यांनीच विचारलं, "ह्यात फाशी होती का हो?"

मी सांगितलं, नाही, फाशीच्या यादीत गांजा नाही.

"मग बरं झालं. फाशी असती तर मी आलोच नसतो. समन्स घेऊन पोलीस दारात आला असता, तर गावाला गेलाय म्हणून घरच्यांना सांगायला लावलं असतं. जेलात जाऊ दे की, त्यानं केलंय. पण माझ्या सहीवर माणूस मरायचा म्हटल्यावर हात चालणार न्हाई माझा."

ज्याच्या बहिणीचं डोरलं गेलं, तो माणूस हे बोलत होता. चौकातला संताप खरा, आणि पिंजऱ्यातला कचरलेला हातही खरा. आपण कायदा करताना फक्त चौकातलं ऐकतो.

शिक्षा जितकी मोठी, तितका पुरावा कडक मागितला जातो, आणि तो मागितलाच पाहिजे. पंच कचरतो, तज्ज्ञ सावधपणे बोलतो, न्यायाधीश प्रत्येक सही तपासतात. ज्या पंचनाम्यात बारदान वजा होत नाही, तो दहा वर्षांच्या शिक्षेलाच पुरत नाही, तो फाशीचा भार काय पेलणार? आणि एमडीच्या बाबतीत तर व्यापारी प्रमाण पन्नास ग्रॅमला सुरू होतं, हेरॉईनला अडीचशे ग्रॅमला. तिथं किराणा दुकानाचा काटा काय कामाचा?

लोक लगेच सिंगापूरचं नाव घेतात. पंधरा ग्रॅमच्या वर हेरॉईन सापडलं की तिथं फाशी, हे खरं आहे. पण त्याच्या शेजारच्या मलेशियानं २०२३ मध्ये फाशीची सक्ती काढून टाकली. इराणनं वर्षानुवर्षं शेकड्यांनी माणसं फासावर दिली, आणि २०१७ मध्ये त्यांनाच कायदा सैल करावा लागला. आपल्याकडे मात्र उलटं, पंजाबच्या मंत्रिमंडळानं २०१८ मध्ये पहिल्याच गुन्ह्याला फाशी द्यावी अशी शिफारस केंद्राकडे केली. आपल्या दारचं बघायचं तर गुटखाबंदी बघा. २०१२ पासून आहे. कुठल्या पानटपरीवर गुटखा मिळत नाही, ते मला दाखवा. (आणि सुपारी-तंबाखूच्या माव्याबद्दल तर आपण सोलापूरकरांनी बोलायलाच नको. घरातली मोठी माणसं पोराच्या देखत मावा चोळतात आणि पोरगं बिघडलं म्हणून रडतात. तालमी ओस पडल्या त्याला कोण जबाबदार?)

म्हणून माझं म्हणणं एकच, आणि ते पुन्हा-पुन्हा सांगतो. शिक्षा होणारच, हे पक्कं करा. शिक्षा वाढवून धाक बसत नाही, शिक्षा चुकत नाही हे दिसलं की बसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्यात, झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलंय. ही गोष्ट फाशीपेक्षा मोठी आहे, पण तिच्याबद्दल कुणी मोर्चा काढत नाही. प्रत्येक ठाण्यात तपासणी झालेला काटा द्या. प्रयोगशाळेचे अहवाल वेळेत येऊ द्या. आणि जीप चालवणाऱ्याला धरून थांबू नका, ज्याचे पैसे त्या पोत्यात गुंतलेत त्याच्यापर्यंत जा. त्यासाठी कलम २७-अ आहे, दहा ते वीस वर्षांचं.

आणखी एक. चार हुतात्मा पुतळ्यांसमोरून आपण रोज जातो. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात स्वातंत्र्यलढ्यातल्या त्या चौघा सोलापूरकरांना इंग्रजांनी फाशी दिली, तेव्हा सरकारच्या कागदावर ते खुनीच होते. तस्करांशी त्यांची तुलना माझ्या स्वप्नातही येणार नाही. पण कोर्टाचा कागद चुकतो आणि दिलेली फाशी परत घेता येत नाही, हे या शहराइतकं कुणाला माहीत असणार?

आता ज्यांच्या घरात ही आग लागलीय त्यांच्यासाठी. अनेक आया भीतीपोटी पोराला दवाखान्यात नेत नाहीत, पोलीस धरतील म्हणून. बायांनो, कायद्यातलं कलम ६४-अ लक्षात ठेवा. व्यसन लागलेला माणूस, ज्याच्यावर सेवनाचा किंवा अगदी थोड्या प्रमाणाचा गुन्हा आहे, तो आपण होऊन सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. पोराला घेऊन जा. कुठं न्यायचं ते कळत नसेल तर व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, १४४४६. आणि गल्लीत कुणी माल विकत असेल तर ते कळवायला दुसरा क्रमांक आहे, १९३३. कागद-पेन घ्या, परत सांगतो. उपचारासाठी एक, चार, चार, चार, सहा. कळवण्यासाठी एक, नऊ, तीन, तीन.

नमस्कार.